समलिंगी म्हणजे तृतीयपंथी नव्हे!

17 ऑक्टोबर 2023. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. संध्याकाळी माझ्याकडे तपासायला आलेला मथळा: 'तृतीयपंथीयांच्या लग्नाला नकार'. निकालपत्रात नेमकं उलटं होतं. पारलिंगी स्त्रीने (जन्मदाखल्यावर 'मुलगा', पण स्वतःला स्त्री मानणारी) पुरुषाशी किंवा पारलिंगी पुरुषाने (याच्या उलट) स्त्रीशी सध्याच्या कायद्यांनुसार लग्न करायला हरकत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं.

समलिंगी म्हणजे काय ते आता बहुतेकांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. गाडी अडते ती पुढे. 'मला कोण आवडतं' हा एक प्रश्न, 'मी कोण' हा दुसरा. पहिला लैंगिक कल, दुसरा लिंगभाव. जन्मदाखल्यावर 'मुलगा' लिहिलेली एक व्यक्ती स्वतःला बाई मानते आणि तिचा जीव एका पुरुषावर जडलाय. ती समलिंगी का? मुळीच नाही. बाईला पुरुष आवडतो, इतकंच, तुमच्या वहिनीसारखं. तिचा जीव बाईवर जडला तर मात्र ती समलिंगी. आणि पुरुष आवडणारा पुरुष आरशात पुरुषच बघतो, त्याला साडी नेसायची हौस असतेच असं नाही. 'मग तुमच्यात बाई कोण?' असं विचारणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

अमेरिकी लैंगिकता-संशोधक किन्सीची 1948 ची 0 ते 6 ही मोजपट्टी आकर्षणाची आणि वर्तनाची. 'मी कोण' याबद्दल तीत अवाक्षर नाही.

हा घोळ फक्त वर्तमानपत्रांचा नाही. एड्स नियंत्रणाच्या कामात तृतीयपंथीयांना बराच काळ 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' याच खान्यात मोजलं गेलं. जी स्वतःला पुरुष मानतच नाही, ती पुरुषांसाठीच्या केंद्राची पायरी कशाला चढेल?

आंतरलिंगी हा शरीराच्या जन्मजात रचनेचा मामला, त्याची सरमिसळ नको. आणि लुगडं नेसून डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीचा मुखवटा मांडलेली टोपली) घेतलेला जोगता? तो देवीला सोडलेला. त्याला कोण आवडतं हे त्या लुगड्यावरून कळत नाही.

मुळात खोडी आपल्या 'लैंगिक' शब्दाची. 'लैंगिक शिक्षण'ही लैंगिक आणि 'लैंगिक समानता'ही लैंगिक! पहिल्यात विषय शरीरसंबंधांचा, दुसऱ्यात लिंगभावाचा, शब्द मात्र एकच. दुसऱ्यावर मी सरळ काट मारतो आणि 'स्त्री-पुरुष समानता' लिहितो. त्यात तृतीयपंथी राहून जातात, हे मान्य. म्हणून हल्ली 'लिंगभाव समानता' लिहून बघतोय. वरिष्ठ ते पुन्हा खोडतात.