काठ गेलेलं कापड : शोकवस्त्रांची पार्श्वभूमी

शोकवस्त्रांवरून कलेक्शन करायचं म्हटलं की नव्या डिझायनरचा हात आधी काळ्याकडे जातो. हा काळा विलायती. डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला आणि राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये मरेपर्यंत काळं सोडलं नाही. सोलापुरात काळी चंद्रकळा नेसतात ती संक्रांतीला, हलव्याच्या दागिन्यांवर. बरं, पांढरा घ्यावा, तर त्याच संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत असतात. आपल्याकडे शोक रंगापेक्षा काठात दिसतो. पातळाचा काठ आणि पदर गेला, की बघणाऱ्याला कळतं.

केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचं आलवण, म्हणजे तिने नेसायचं लुगडं, तर तांबडं होतं. काठ नाही, पदर नाही, अंगात चोळीही नाही. नाव आलं ते आल, म्हणजे बारतोंडीच्या मुळापासून. तीन-चार वर्षांच्या झाडाची बारीक मुळं घेत. रंग सालीत असतो, जाड मुळात लाकूडच फार. १८६९ मध्ये ॲलिझरिन हा कृत्रिम तांबडा रंग निघाला आणि पुढे आलेची शेती बसली.

आज आलेचा रंग करायचा तर कोऱ्या कापडाची खळ आधी उकळून काढावी, नाहीतर डाग हमखास. किलोभर सुती कापडाला १०० ते १५० ग्रॅम तुरटी लागते. तुरटीशिवाय रंग धुण्यात जातो. भांडं लोखंडी नको, तांबडा काळपट जांभळा होतो. मुद्दाम करडा-काळा हवा असेल तर किलोला २०० ग्रॅम हिरडा आणि २० ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) पुरे. हिराकस वाढवला की काळा गडद येतो खरा, पण सूत कुजतं आणि काही महिन्यांनी साडी घडीवरच फाटते.

बिनकाठाचं विणणं सोपं वाटतं, तिथेच फसगत होते. आडवा धागा परतताना सगळा ताण कडेच्या उभ्या धाग्यांवर येतो. रंगीत काठ काढला तरी कडेला अंगातल्याच सुताचे दुहेरी धागे ठेवावेत. नाहीतर कड तुटते आणि पन्हा आत ओढला जातो.

हे कपडे बायकांनी हौसेने निवडलेले नव्हते, एवढं भान कलेक्शनला हवं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्यामागचा रेटा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचा होता.

आणि एक वस्त्र डिझायनर हमखास विसरतात : दुखवट्याचा आहेर. सोयरे येतात, साडी नेसवतात, पुरुषांना टॉवेल-टोपी देतात आणि सुतक संपलेलं घर पुन्हा कामाला लागतं. तो टॉवेल बऱ्याचदा सोलापुरीच असतो, चांगला रंगीत, काठासकट.