स्पोर्ट्स कारमधलं तिसरं पेडल

ऑटोमॅटिक आरामासाठी आणि मॅन्युअल वेगासाठी, ही समजूत एकेकाळी अगदी रास्त होती. १९५३ साली शेव्हरोलेची पहिली कॉर्व्हेट आली ती दोनच गिअरच्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिकसह. मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. शौकिनांनी नाकं मुरडली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ऑटोमॅटिकमधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. तेव्हाच्या बांधणीत ती वाटेत बरीच वाया जायची. दोन वर्षांत कॉर्व्हेटला आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं, मॅन्युअलही मिळाला.

१९६७च्या सुमारास पोर्शेने ९११मध्ये मधला मार्ग काढला. स्पोर्टोमॅटिक या गिअरबॉक्समध्ये क्लचचं, म्हणजे तिसरं, पेडल गेलं, गिअरचा दांडा राहिला. दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटायचा. सवयीने हात दांड्यावर ठेवून बसणाऱ्याची मात्र पंचाईत व्हायची.

खरी कलाटणी रेसिंगमधून मिळाली. १९८९च्या ब्राझील ग्रांप्रीत जॉन बर्नार्डने आखलेली फेरारी ६४० उतरली. गिअर बदलायला स्टिअरिंगच्या मागे बोटांनी ओढायच्या दोन पट्ट्या, म्हणजे पॅडल. चाचण्यांमध्ये ती इतकी बंद पडली होती की शर्यत पूर्ण होईल अशी आशा कमीच होती. मधेच स्टिअरिंगही बदलावं लागलं. तरी नायजेल मॅन्सेल जिंकला. त्या हंगामात गाडीने पुढे बराच दगा दिला, पण काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून गिअरचा दांडा हद्दपार झाला.

रस्त्यावर हे तंत्र १९९७ला फेरारी एफ३५५मधून आलं. क्लच एकच, तो दाबायचं काम हायड्रॉलिक्सकडे; त्यामुळे कमी वेगात गाडी हिसके द्यायची. त्यावरचा उपाय आधीच तयार होता. पोर्शेने ऐंशीच्या दशकातच ९५६ आणि ९६२ या रेसिंग गाड्यांवर दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स वापरून पाहिला होता. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. तिसऱ्यात धावताना चौथा आधीच लागलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो आणि चाकांची ओढ तुटत नाही. २००३ला फोक्सवॅगनने गोल्फ आर३२मध्ये हा प्रकार आणला, २००७ला निसान जीटी-आर मॅन्युअलशिवायच आली आणि २००८ला पीडीके ९११मध्ये बसला. आता कुठलाही पाय इतक्या चपळाईने क्लच मारू शकत नव्हता. घड्याळाच्या हिशेबात मॅन्युअल हरला होता.

मग २०१३ला पोर्शेने ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये काढली, आणि ग्राहक खवळले. लॅप टाइम कमी होता, पण ही गाडी घेणाऱ्यांना क्लच दोनदा दाबून, इंजिनाचे फेरे जुळवून गिअर पाडण्यातली मजा हवी होती. २०१६ला मॅन्युअल ९११ आरच्या फक्त ९९१ गाड्या निघाल्या, आणि लगेच मूळ किमतीच्या कितीतरी वर विकल्या जाऊ लागल्या. पुढच्याच वर्षी जीटी३ला मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला, तोही पीडीकेपेक्षा हळू असूनसुद्धा.