वरचे अन्न (गोवा)

वरचे अन्न : सहा महिने (१८० दिवस) पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीला बाळाला दिला जाणारा घन किंवा अर्धघन आहार. आरोग्य खात्याच्या भाषेत हा ‘पूरक आहार’. घरगुती शब्द सोपा असला तरी फसवा आहे. पेजेची निवळ, गाईचे दूध, चहात बुडवलेला पाव हे सगळेच ‘वरचे’ म्हणून खपून जाते आणि बाळ ‘वरचे घेते’ असे समाधान घरच्यांना मिळते. गोव्यात तांदूळ, नारळ आणि मासळी घराघरांत असते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) येथील पाच वर्षांखालील सुमारे एक चतुर्थांश मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि रक्तक्षय निम्म्याहून अधिक मुलांत दिसला. यामागे कारणे अनेक आहेत. त्यांतले घरातल्या घरात सुधारता येण्यासारखे मोठे कारण म्हणजे वाटीतला पातळपणा.

पेजेचा हिशेब : पहिल्या सहा महिन्यांत आईचे दूध पुरते, पाणीही लागत नाही. त्यानंतर दूध चालू असतानाच वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांत दिवसाला सुमारे २००, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि १२ ते २३ महिन्यांत ५५० किलोकॅलरी मिळाव्या लागतात. बाळाच्या जठरात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावते. म्हणजे आठ किलोच्या बाळाला २४० ग्रॅम झाले की पोट भरले.

आता उकड्या तांदळाची नेहमीची पेज घ्या. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम तांदूळ एक लिटर पाण्यात शिजवले आणि आटून ८०० मिली पेज उरली, तर भातासकट घोटूनही १०० मिलीत जेमतेम २२ किलोकॅलरी पडतात. नुसती वरची निवळ काढली तर त्याहूनही बऱ्याच कमी. आठ महिन्यांच्या बाळाला २०० किलोकॅलरींसाठी असली ९०० मिली पेज प्यावी लागेल. ते शक्य नाही, आणि पेजेने पोट तुडुंब झाल्यावर ते अंगावरचे दूधही कमी ओढते. मोठ्या माणसाला तापात किंवा उन्हाळ्यात पेज गुणकारी असेल, बाळाचे जेवण म्हणून ती चालत नाही.

बाळाच्या अन्नात दर ग्रॅममागे निदान ०.८ किलोकॅलरी असाव्यात. घरी काटा लागत नाही. चमचा तिरका केला की अन्न सावकाश घसरले पाहिजे, पाण्यासारखे ओघळले तर पातळ समजावे. त्याच ५० ग्रॅम तांदळाला मूगडाळीची जोड देऊन गुरगुट्या भात करावा, डावाने घोटावा आणि बाळाच्या वाटीत चमचाभर तूप किंवा खोबरेल घालावे. ५ मिली तेलाने सुमारे ४० किलोकॅलरी वाढतात. नारळाचा पहिला दाट रसही चालतो, दुसरा-तिसरा रस म्हणजे बहुतांशी पाणीच.

सुरुवात दोन-तीन छोट्या चमच्यांनी, दिवसातून दोन-तीन वेळा करतात. आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी २५० मिली मापाच्या वाटीची अर्धी वाटी गाठावी. नवव्या महिन्यापासून खेपा तीन-चार होतात, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी लागते. दाणेदार, मऊ गोळ्यांचे अन्न नऊ-दहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावे. सगळे मिक्सरमधून गंधासारखे काढत राहिले तर मूल पुढे चावायला कंटाळते.

नाचणी, तिजान आणि मोड : गोव्यात बाळाला नाचणीचे तिजान देण्याची रीत जुनी आहे. नाचणी रात्रभर भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात, खाली बसलेले सत्व नारळाच्या रसात गूळ घालून ढवळत शिजवतात. चवीला उत्तम. पण नाचणीतले कॅल्शियम (१०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम) मुख्यतः सालीत असते, आणि साल फडक्यात राहते. सत्व पचायला हलके खरे, कॅल्शियमच्या हिशेबाने मात्र अख्ख्या दाण्याचे पीठ सरस. गूळही वर्षाच्या आत टाळलेलाच बरा.

त्याहून उपयोगी मोडाचे पीठ. दोन भाग नाचणी आणि एक भाग मूग वेगवेगळे धुऊन ८ ते १२ तास भिजवावेत, निथळून ओल्या सुती फडक्यात २४ ते ३६ तास बांधून ठेवावेत. मोड आले की सुकवून, कोंब चोळून काढून मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत भाजावे आणि दळावे. तीन मोठे चमचे (३० ग्रॅम) पीठ दीडशे मिली पाण्यात कालवून सात-आठ मिनिटे शिजवले आणि वर चमचाभर तूप घातले की सुमारे १४० किलोकॅलरींची दाट खीर होते.

मोडांची खुबी अशी, की दाणा रुजताना अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होते आणि ते पिठूळपणा मोडते. त्यामुळे दाट शिजवलेली कुठलीही खीर आचेवरून उतरवून किंचित निवल्यावर त्यात चमचाभर न भाजलेले मोडाचे पीठ ढवळले, तर ती काही मिनिटांत सैल होते. पाणी न वाढवता खीर गिळण्याजोगी होते. त्यानंतर मात्र तिला पुन्हा एक उकळी द्यावीच, कारण कच्च्या पिठात जंतू असतात. पीठ खरपूस भाजले तर विकर मरते आणि ही करामत होत नाही.

आषाढ-श्रावणात हे काम बिघडते. दमट हवेत मोड चिकट होतात, ऊन मिळत नाही, दाण्यांवर हिरवट बुरशी धरते. असे दाणे निवडून वापरू नयेत, सगळे टाकावेत. मे महिन्यात पुरुमेताबरोबर (पावसाळ्यासाठीच्या साठवणीबरोबर) पीठ करून ठेवायचा मोह होतो, पण ते महिनाभरच चांगले राहते. पावसात थोडे-थोडेच करावे आणि पंख्याखाली सुकवून तव्यावर कोरडे करावे.

मासळी : सहा महिन्यांनंतर मासळी, अंडे, डाळ यांना मनाई नाही. लोहाचा साठा बाळ जन्मताना घेऊन येते, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपतो आणि दुधातले लोह पुरत नाही. मुडदुशी ही मासळी मऊ, सौम्य मांसाची म्हणून आजारी माणसाला आणि बाळंतिणीला देतात, तीच बाळालाही योग्य. हुमणाचे (माशाच्या आमटीचे) वाटण घालण्याआधी हळद आणि सोल (आमसूल) घालून शिजवलेला तुकडा बाजूला काढावा, काटा बोटांनी चाचपून काढावा, चमचाभर मांस भातात कुस्करावे. तारले हा मासा पौष्टिक, पण काटे बारीक आणि अनेक, तेव्हा घाईच्या वेळी नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी मासळी महागते. त्या काळात अंडे, मूग, चवळी यांवर भागवावे. सुके मासे खारट असल्याने वर्षाखालच्या बाळासाठी नाहीत.

तांबडी भाजी (लाल माठ) आणि शेवग्याचा पाला दोन्ही उपयोगी. शेवग्याचा पाला गोकुळाष्टमीलाच आठवतो, ही खंत आहे. पाला शिजवून लिंबाचे दोन थेंब पिळले तर लोह अधिक शोषले जाते. उलट, पोदेराचा (पाववाल्याचा) पाव चहात बुडवून भरवला की चहातले टॅनिन लोह अडवते आणि मैद्याने पोट भरते. ही सवय आजोबांच्या मांडीवर लागते आणि सुटता सुटत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फोलिक सिरप (२० मिलिग्रॅम लोह) देतात. शौचास काळी होते म्हणून ते बंद करू नये.

आई : भारतीय शिफारशींनुसार गरोदरपणात रोज ३५० आणि पहिले सहा महिने पाजताना ६०० किलोकॅलरी जादा लागतात. मेथीची पेज, अळिवाचे लाडू यांनी त्यातला काही भाग भरून निघतो. बाळंतिणीच्या पथ्यात भाज्या आणि फळे काढून टाकण्याला मात्र आधार नाही. दूध वाढावे म्हणून मोरी (शार्क मासा) खायला घालतात. मोठ्या मोरीत पारा साठतो, त्यामुळे गरोदर आणि पाजत्या स्त्रीने ती टाळून लहान मासळी खावी. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी घ्यायची असते. ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह वाया जाते, मधे दोन तास जाऊ द्यावेत. मिठागरातले जाड मीठ आयोडीनयुक्त नसते. लोणच्याला ते ठीक, रोजच्या जेवणाला पिशवीतले आयोडीनचे मीठ वापरावे.

उष्टावण आणि इतर रीती : मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या, मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करण्याची प्रथा आहे. पाचव्यात केले तरी ओठाला खीर लावण्यापुरतेच ठेवावे. आठव्याची वाट पाहत अन्न लांबवणे मात्र चुकीचे. मध वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. बाटली उकळून स्वच्छ ठेवणे कठीण, वाटी-चमचा बरा. दुधाची भुकटी, बाटल्या आणि तयार शिशुआहार यांच्या जाहिरातीवर भारतात १९९२च्या कायद्याने बंदी आहे.

जुलाबात अन्न तोडू नये. अंगावरचे दूध, क्षारसंजीवनी (ओआरएस) आणि सहा महिन्यांवरील मुलाला १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यावे, आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त.

अंगणवाडी (एकात्मिक बालविकास सेवा योजना, १९७५ पासून) ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांना पूरक आहार देते. घरी नेण्याचे पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटले गेले तर बाळाच्या वाट्याला चमचाभरच येते. वजनाबरोबर दंडाचा घेरही पाहावा. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण. पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, हात सैल सोडून लावतात. ती आवळली तर घेर खोटाच कमी येतो. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहिला, तर घेर कितीही असो, मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.