कडाक्याच्या थंडीआधी डिझेल ट्रेलरची तयारी : आमच्या ग्राहकांसाठी

थंडीत गाडी बंद पडली की पहिला संशय इंजिनावर जातो. बहुतेक वेळा ते बिचारे निर्दोष असते. डिझेलमधल्या मेणाने नाहीतर कुठेतरी साचलेल्या पाण्याने वाट अडवलेली असते. दोन्हींचा बंदोबस्त पारा उतरण्याआधी निवांत होतो. नंतर तेच काम रस्त्याच्या कडेला, कुडकुडत करावे लागते.

डिझेल

डिझेलमध्ये मुळातच मेण असते. गारठ्यात आधी डिझेल धुरकट दिसते, मग मेणाचे कण फिल्टरवर बसतात, चढावर गाडीचा जोर जातो आणि शेवटी इंजिन बंद पडते. साधे उन्हाळी डिझेल शून्य अंश सेल्सियसच्या आसपासही धुरकट होऊ शकते. म्हणून उबदार भागात टाकी काठोकाठ भरून थंड प्रदेशात शिरू नका. बेतानेच भरा आणि थंडीच्या पट्ट्यात पोचताच तिथले हिवाळी डिझेल घ्या. रात्री मात्र टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा थंड पत्र्यावर पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतो.

डिझेल गोठू नये म्हणून मिळणारे औषध डिझेल पातळ असतानाच, टाकी भरण्याआधी ओतायचे, म्हणजे ते नीट मिसळते. एकदा गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. तेव्हा वितळवणारे वेगळे औषध, नवा फिल्टर आणि ऊब लागते. टाकीखाली जाळ करणे हा उपाय नव्हे, अपघात आहे.

वॉटर सेपरेटरमधले, म्हणजे डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातले, पाणी रोज काढा. फिल्टर हिवाळ्याआधी बदला आणि एक जादा फिल्टर पान्यासकट केबिनमध्ये ठेवा.

बॅटरी आणि स्टार्टिंग

उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद बरीच घटते आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला जास्त जोर हवा असतो. उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासही गोठू शकते. पूर्ण चार्ज असेल तर कडाक्याची थंडीही सोसते. गोठलेल्या बॅटरीला जंपर लावू नका, ती फुटू शकते. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. पण नुसत्या व्होल्टवर विसंबू नका, लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून बॅटरीची तपासणी, करून घ्या.

ऑइल गाडीच्या पुस्तकात थंडीसाठी दिलेल्या ग्रेडचेच घाला. ब्लॉक हीटर (इंजिन उबदार करणारा विजेचा हीटर) असेल तर निघण्याआधी दोनचार तास लावा. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर (सुरू करताना इंजिनात ऊब देणारे भाग) असलेल्या इंजिनात, ते चटकन सुरू व्हावे म्हणून ईथरचा स्प्रे मारू नका. आतल्या आत भडका उडतो.

कूलंट

कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत चिंता नाही. ‘जास्त कूलंट, जास्त सुरक्षा’ हा समज मात्र चुकीचा आहे. नुसते एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) उणे १३ च्या आसपासच गोठते.

एअर ब्रेक

इथे हयगय नको. कॉम्प्रेसर हवेबरोबर ओलावा ओढतो, तो व्हॉल्व्हमध्ये गोठला की ब्रेक लागत नाहीत किंवा सुटत नाहीत. हा ओलावा शोषणाऱ्या एअर ड्रायरचे कार्ट्रिज हिवाळ्याआधी बदला, एअर टँकमधले पाणी रोज सोडा. लाइनमध्ये अल्कोहोल ओतण्याची सवय काहींना असते. त्याने रबरी सील खराब होतात. ओल्या रस्त्यावरून येऊन गाडी उभी करायची असेल तर आधी हळू चालवत हलके ब्रेक दाबून शू कोरडे करा. नाहीतर सकाळी ते ड्रमला चिकटलेले सापडतील. तसे झाले तर गाडी जोरात ओढू नका. टायर घासत जातील.

युरिया आणि टायर

युरिया म्हणजे डीईएफ (धुरातले प्रदूषण कमी करणारे द्रव) उणे ११ अंशांना गोठते आणि फुगते. टाकीत थोडी जागा राखा. ते गोठले तरी इंजिन सुरू होते, टाकीतला हीटर ते वितळवतो. त्यात दुसरे काहीही मिसळू नका. टायरची हवा पारा ५-६ अंश उतरला की सुमारे २ पीएसआय कमी होते. ती टायर थंड असतानाच तपासा.

गाडी तपासणीला आणताना नेहमीचे मार्ग आणि मुक्कामाची ठिकाणे सांगा. मुक्कामी हीटर लावायला वीज मिळते का, तेही कळवा. शेवटचे फिल्टर आणि कार्ट्रिज कधी बदलले याची नोंद असेल तर सोबत आणा. नसेल तर आम्ही दोन्ही बदलण्याचाच सल्ला देऊ.