किनारा सांभाळणारी माणसं: वर्सोव्याच्या आधी काय काय झालं

किनारा स्वच्छता म्हटलं की सगळ्यांना मुंबईतल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावरची मोहीम आठवते आणि ते साहजिकच आहे, पण बरेच जण बोलताना असं बोलतात की हे काम २०१५ लाच सुरू झालं, त्याआधी कोणी काही करतच नव्हतं. तसं नाहीये. याच्या मागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातली बरीच माणसं कोकणातल्या छोट्या गावांतली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कचऱ्याचंच बघू. आपल्या कोळ्यांची जाळी पूर्वी सुताची, सणाची असायची, ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे, आणि असं जाळं समुद्रात हरवलं तरी काही काळाने कुजून जायचं. मग नायलॉन आलं. मजबूत, हलकं, कुजत नाही, मच्छीमाराच्या दृष्टीने वरदानच, पण तेच जाळं तुटून पाण्यात राहिलं की वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतं. त्यात शहरांमधून नाले आणि खाड्यांतून येणाऱ्या पिशव्या, चपला, बाटल्या. जहाजांवरून समुद्रात प्लास्टिक टाकायला जगभरात बंदी आली तीच मुळी ३१ डिसेंबर १९८८ पासून, म्हणजे तोपर्यंत टाकणं चालूच होतं.

भारतात किनाऱ्याकडे सरकारचं लक्ष गेलं ते १९८१ मध्ये, इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवा. त्यातूनच पुढे फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. पण हा सगळा भर बांधकामावर. कचऱ्याचं काय, हा प्रश्न तिकडे अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ ला लोकांनी हातात घेतला, २,८०० लोक जमले, दोन तासांत १२४ टन कचरा उचलला आणि नुसता उचलला नाही तर काय काय सापडलं ते कागदावर लिहून काढलं. मला ही नोंद ठेवायची पद्धत फार महत्त्वाची वाटते, कारण नोंद असली की कचरा कुठून येतो ते दाखवता येतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी आपल्याकडे किनारा स्वच्छता होते ती त्याच मोहिमेचा भाग, भारतात २००६ पासून तटरक्षक दल ती राबवतं.

आता वेळास. मंडणगड तालुका, नाना फडणवीसांचं मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ ला तिथे समुद्री गरुडाचा सर्व्हे करत होते आणि त्यांना पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, म्हणजे कोणीतरी घरटं उकरून अंडी नेली होती. तेव्हा कोकणात बऱ्याच ठिकाणी हे सर्रास चालायचं. त्यांनी काय केलं, तर गावातल्याच माणसांना सोबत घेतलं. हे कासवमित्र पहाटे उजाडायच्या आत किनाऱ्यावर चालत जातात, वाळूत मादीच्या पायांचा माग दिसला की तो जिथून वळून परत पाण्याकडे गेलाय ती जागा हेरतात, काठीने हळूच चाचपून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघतात आणि मग हाताने उकरून शंभर सव्वाशे अंडी बाहेर काढतात. कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या जागेत, तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून ती परत पुरतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक पिल्लं बघायला यायला लागले, गावात घरोघरी राहायची जेवायची सोय झाली आणि घरटं राखण्यात गावाचा फायदा दिसायला लागला. माझ्या मते सगळ्या इतिहासातली हीच खरी शिकण्यासारखी गोष्ट, काम तिथेच टिकलं जिथे किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्यात वाटा मिळाला.

मुंबईत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, पिशव्यांनी गटारं तुंबली होती हे सगळ्यांना दिसलं आणि राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने कांदळवन म्हणजे खाडीकाठची खारफुटी तोडायला मनाई केली, २०१२ ला वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर दोघंच वर्सोव्याला कचरा उचलायला उतरले. तिथला कचरा वरवर पडलेला नव्हता, वाळूत थरावर थर गाडला गेलेला, पिशवीचं टोक धरून ओढायला जावं तर ती फाटून अर्धी आतच राहते, त्यामुळे हाताने उकरण्याला पर्याय नाही. २०१६ ला शाहांना संयुक्त राष्ट्रांचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ हा पुरस्कार मिळाला, मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पुढे शाह मिठी नदीकडे वळले, आणि ते बरोबरच होतं, कारण किनारा कितीही साफ करा, पावसाळ्यात उधाण आलं की खाडीतून गेलेला कचरा परत येऊन पडतोच.

म्हणूनच मला समुद्रात रोज जाणाऱ्या माणसांची कामं जास्त जवळची वाटतात. केरळात कोल्लमजवळच्या शक्तीकुलंगरा बंदरात २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत पाण्यात न टाकता बंदरावर आणायला सुरुवात केली, तिथे बायका ते निवडतात, धुतात, त्याचा चुरा होतो आणि तो रस्त्याच्या डांबरात जातो, म्हणजे त्या बायकांना रोजगारही मिळाला. आपल्याकडे महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये निर्णय झाला की कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा (व्हेल शार्क) संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, फक्त सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ द्यायचे. जाळं कापणं म्हणजे त्या घरासाठी किती मोठं नुकसान असतं हे कोणीतरी लक्षात घेतलं. आता असाच विचार जाळ्यात येणाऱ्या कचऱ्याचाही व्हायला हवा, ससून डॉकला, हर्णैला, मिरकरवाड्याला होडी लागली की माशांच्या पाट्यांसोबत प्लास्टिकची गोणीही उतरावी आणि तिचे मच्छीमाराला पैसे मिळावेत.