"देव सोसवेल तेवढंच दुःख देतो" असं बायबल म्हणतं का?

अंत्यविधीनंतर कुणीतरी हात हातात घेऊन म्हणतं, "देव सोसवेल तेवढंच देतो." बोलण्यात माया असते. पण रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या आईच्या मनात येतं, मग मला का सोसवत नाही? माझाच विश्वास कमी पडला का?

हे वाक्य बायबलमध्ये नाही. ते ज्यावरून आलं ते १ करिंथ १०:१३ हे वचन, म्हणजे पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन, पापाच्या मोहाच्या संदर्भात आहे. पुढच्याच वचनात पौल मूर्तिपूजेपासून पळायला सांगतो.

दुःखाबद्दल तोच पौल काय लिहितो ते २ करिंथ १:८-९ मध्ये वाचा. आसिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं पडलं, जगण्याचीही आशा सुटली, असं तो उघड सांगतो. आणि हे सांगणारा ख्रिस्ताचा प्रेषित आहे! आम्ही स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी म्हणून हे झालं, असं त्याचं म्हणणं. लगेच ११ व्या वचनात तो करिंथकरांच्या प्रार्थनेचा आधारही मोजतो.

म्हणून त्या आईला "तू खंबीर आहेस" म्हणू नका. तिच्या शेजारी बसा. तिच्या तोंडून शब्द फुटत नसेल, तर तिच्यासाठी तुम्ही प्रार्थना करा.