बोआ निवडताना घाई नको, भरवताना तर मुळीच नको

बोआ हा भक्ष्याला विळखा घालून मारणारा बिनविषारी साप. नीट सांभाळला तर तो २० ते ३० वर्षं जगतो. जंगलातून पकडून आणलेला स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नये. अशा सापांच्या पोटात बहुधा जंत असतात आणि ताणामुळे ते खाणंही सोडतात. पाळीव सापांच्या पैदाशीतलंच पिल्लू घ्यावं.

हातावर घेतलं की निरोगी पिल्लू मनगटाला घट्ट वेटोळं घालतं. अंग लोंबतंय किंवा पाठीचा कणा वर उठून दिसतोय, तर ते नको. दोन्ही डोळे निळसर दुधी असतील तर घाबरू नका, साप कात टाकायच्या बेतात आहे. नाकपुडीशी बुडबुडे, तोंडाशी चिकट लाळ, श्वासाला शिट्टीसारखा आवाज ही मात्र श्वसनसंसर्गाची लक्षणं. डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीत खसखशीएवढे काळे ठिपके शोधा. ओला पांढरा टिश्यू अंगावरून फिरवल्यावर त्यावर असे ठिपके वळवळले, तर ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक जीव. खाण्याची नोंद मागाच.

एवढं करूनही एक धोका उरतो. इन्क्लूजन बॉडी डिसीज हा विषाणूजन्य रोग बोआच्या अंगात वर्षानुवर्षं लक्षणांविना राहू शकतो, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून रक्ततपासणी करून घ्या. घरात आधीचे साप असतील तर नव्याला निदान ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

भरवण्यात सगळ्यात मोठी चूक जास्त खाऊ घालण्याची. बोआ समोर आलेलं सहसा नाकारत नाही, पण पचवतो फार सावकाश. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको, किंचित बारीकच बरा. लहान पिल्लाला दर १० दिवसांनी, वर्षानंतर दोन आठवड्यांनी, पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी एक पुरतो. वळताना अंगावर चरबीच्या घड्या पडू लागल्या की अंतर वाढवा.

जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो, म्हणून गोठवलेलाच द्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ उतरवा, मग बंद पिशवीत घालून सुमारे ४० अंशांच्या पाण्यात गरम करा. पोट दाबून पाहा, आत गारठा राहता कामा नये. मायक्रोवेव्ह नको, त्यात उंदीर एकीकडे शिजतो, दुसरीकडे गोठलेलाच राहतो. लांब चिमट्याने धरून द्या. विळखा लवकर सैल झाला तरी काळजी नको: २०१२ च्या एका संशोधनात दिसलं, की बोआला भक्ष्याच्या हृदयाचे ठोके जाणवतात आणि ते थांबले की तो दाब सोडतो. मेलेल्या उंदरात ठोके नसतातच.

नंतर ४८ तास साप हाताळू नका. पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २६ च्या आसपास हवी. ऊब कमी पडली तर पचन थांबतं, उंदीर पोटातच कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. असं झालं की लगेच पुन्हा भरवण्याचा मोह होतो, तो आवरा. पोटातला पाचक रस आणि आतलं अस्तर सावरायला वेळ लागतो. दोन आठवडे फक्त पाणी, आधी तापमान तपासा, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा एकच उंदीर. पुन्हा ओकला तर पशुवैद्याकडे न्या.